एका एकराचा न्याय

दुष्काळ हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें भेगाळलेली जमीन, आटलेली विहीर आणि आभाळाकडे टक लावून बसलेला शेतकरी उभा राहतो. चित्रकारांनीं, कथाकारांनीं आणि वृत्तपत्रांनीं हेंच चित्र आपल्या मनावर ठसविलें आहे. परंतु या चित्रांत एक मोठी उणीव आहे. त्या शेतकऱ्याच्या घरीं पाणी कोण आणतें, बियाणें कोण टोकतें, खुरपणी कोण करतें, आणि पीक बुडाल्यावर उरल्यासुरल्या दाण्यांत साऱ्यांचीं पोटें कशीं भरावयाचीं याचा हिशेब कोण मांडतें, याचा पत्ता त्या चित्रांत लागत नाहीं. शेतकरी म्हणजे पुरुष, हें आपण इतकें गृहीत धरून चाललों आहों कीं, शेतांतले पुष्कळसे कष्ट ज्या हातांनीं होतात त्यांना व्यवहारांत स्वतंत्र नांवहि राहिलेलें नाहीं. 'शेतकरीण' हा शब्द कोशांत आहे. गांवांत व कचेरींत तिला 'शेतकऱ्याची बायको' म्हणूनच ओळखतात.

धाराशिव जिल्ह्यांतील अनेक गांवांत स्त्रियांनीं हें चित्र बदलण्याचा जो उद्योग आरंभिला आहे, त्याची ओळख आमच्या वाचकांना, विशेषतः वाचकभगिनींना, करून द्यावी या हेतूनें हा लेख लिहिला आहे. हा उद्योग वरवर पाहतां अगदीं लहान आहे. घरच्या तीन-चार एकरांपैकीं एक एकर जमीन मागून घ्यावयाची आणि तींत काय पेरावयाचें तें आपण ठरवावयाचें, एवढेंच त्याचें स्वरूप. परंतु या लहानशा मागणीच्या पोटीं केवढा मोठा प्रश्न दडला आहे, हें पुढील विवेचनावरून ध्यानांत येईल.

भूमि आणि पर्जन्य

धाराशिव हें या ठिकाणाचें जुनें नांव. निजामी अमलांत मीर उस्मान अली खान या सातव्या निजामाच्या नांवावरून त्याचें उस्मानाबाद झालें, आणि २०२३ सालीं जुनें नांव त्यास पुनः मिळालें. तुळजापूरच्या भवानीमुळें हा जिल्हा महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचें तें कुलदैवतच असेल. तेरणेकांठचें तेर हें गांव संत गोरोबाकाकांचें म्हणून वारकऱ्यांना वंद्य, तर इतिहासज्ञांना तें प्राचीन तगर म्हणून परिचित. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत, या नगरांतून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदरास जात असे, अशी नोंद आहे. तेव्हां ही भूमि मुळांतच दरिद्री होती असें कोणीं समजूं नये.

तिचें दुबळेपण आहे तें पावसाच्या बाबतींत. सह्याद्रि ओलांडून येणारे ढग घाटमाथ्यावरच बरेंचसें पाणी टाकून मोकळे होतात, आणि पूर्वेकडील बालाघाटच्या रांगांना वर्षाकांठीं सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस मिळतो. तोहि नेमानें पडेल तर. आतां पिकांची गरज पाहूं. जोंधळ्याला सबंध हंगामांत सुमारें ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी पुरतें. उंसाला १५०० पासून २५०० पर्यंत लागतें. आभाळांतून येणारें पाणी आणि उंसाची तहान यांमधील अंतर भरून काढावयाचें तें जमिनीच्या पोटांतून, आणि तें पोट बोअर पाडपाडून शेंकडों फूट खोलपर्यंत रितें होत चाललें आहे. ज्यांच्याकडे उंसापुरतें पाणी नाहीं त्यांनीं गेल्या तीन दशकांत सोयाबीन जवळ केलें. तें तीन-साडेतीन महिन्यांत हातीं येतें व त्याचा रोख पैसा होतो, हें खरें. पण घरच्या चुलीवर तें कोणी शिजवून खात नाहीं. पाऊस दगा देतो तेव्हां पैसाहि जातो आणि खावयाचें धान्यहि विकत आणावें लागतें. मागें उरतें तें कर्ज.

२०१२ पासून २०१६ पर्यंत मराठवाड्यानें दुष्काळाचे आघात एकामागून एक सोसले. एप्रिल २०१६ मध्यें शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. उलट सप्टेंबर २०२५ मध्यें याच धाराशिव जिल्ह्यांत अतिवृष्टीनें नद्या फुगल्या; भूम-परांडा भागांत घरांत पाणी शिरलें आणि उभीं पिकें वाहून गेलीं. एकाच भूमीवर अवर्षण आणि अतिवर्षण हीं दोन्ही कशीं, असें कोणी विचारील. पदार्थविज्ञानाचें उत्तर सोपें आहे. हवा एक अंश सेल्सिअसनें तापली कीं ती शेंकडा सुमारें ७ अधिक बाष्प धरूं शकते. म्हणून पाऊस पुष्कळ दिवस अडून राहतो, आणि पडतो तेव्हां घागर उपडी केल्यासारखा पडतो.

ही उष्णता वाढविली कोणीं? दीड-दोनशें वर्षें कोळसा आणि खनिज तेल जाळून ज्या राष्ट्रांनीं संपत्ति मिळविली, प्रामुख्यानें त्यांनीं. जून १९९२ मध्यें ब्राझील देशांतील रिओ द जानेरो येथें दोन करार राष्ट्रांपुढें सह्यांसाठीं ठेवण्यांत आले. एक हवामानासंबंधीं, दुसरा जीवसृष्टीच्या वैविध्यासंबंधीं. त्यांपैकीं पहिल्यांत असें तत्त्व मान्य झालें कीं, पृथ्वी सांभाळण्याची जबाबदारी सर्वांची असली तरी तिचा वांटा सर्वांना सारखा नसावा, ज्याच्या त्याच्या सामर्थ्याप्रमाणें वेगळा असावा. 'हवामान-न्याय' म्हणून आज ज्याचा घोष होतो त्याचें बीज या तत्त्वांत आहे. जिच्या घरीं मोटार नाहीं, थंड हवेचें यंत्र नाहीं, तिच्या शेतावर दूरदेशींच्या धुराचें फळ पडावें, हा अन्याय उघड आहे. परंतु न्यायाचा विचार रिओपासून निघून घराच्या उंबरठ्याशीं थांबतां कामा नये. राष्ट्राराष्ट्रांत जो अन्याय आहे तोच घरांतहि आहे. पीक बुडाल्याची झळ जिला सर्वांत आधीं लागते, तिला काय पेरावें हें ठरविण्याचा अधिकार नसतो. धाराशिवच्या स्त्रियांनीं बोट ठेविलें आहे तें या दुसऱ्या अन्यायावर.

भूकंपांतून निघालेली संघटना

या स्त्रियांची संघटना मूळ दुष्काळांतून नव्हे, भूकंपांतून जन्मली. गणेशविसर्जनाची रात्र सरत असतां, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या परिसरांत धरणीकंप झाला. लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांतील कित्येक गांवें जमीनदोस्त झालीं आणि सुमारें १०,००० माणसें दगडामातीच्या जाड भिंतींखालीं गाडलीं गेलीं. त्यानंतर घरें पुनः उभारण्याचें व दुरुस्तीचें जें मोठें काम सरकारनें हातीं घेतलें, त्यांत गांवकरी व शासन यांच्यामध्यें दुवा म्हणून स्त्रियांना नेमावें, असा विचार श्रीमती प्रेमा गोपालन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांडला. गांवोगांवच्या या दुवा-स्त्रियांना 'संवाद सहायक' असें नांव होतें. ज्यांनीं तोंवर चारचौघांत तोंड उघडलें नव्हतें, त्या बायका गवंड्याच्या कामाची पारख करूं लागल्या, कोपऱ्यांत सळई घातली कीं नाहीं हें विचारूं लागल्या, आणि अनुदानाचा हप्ता कोठें अडला याचा जाब कचेरींत मागूं लागल्या.

या कामांतून 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था आकारास आली. पुढें २००१ सालीं कच्छमध्यें भूकंप झाला तेव्हां मराठवाड्याच्या या स्त्रिया गुजराथेंत जाऊन तेथील बायकांना आपले अनुभव सांगून आल्या. स्वतः सोसलेलें दुसऱ्याच्या उपयोगीं पडावें, याहून मोठें शिक्षण तें कोणतें? घरांचें काम सरलें तरी बैठकी मोडल्या नाहींत. बचतगट निघाले, पाणी, आरोग्य, रेशन यांचे प्रश्न ग्रामसभेंत येऊं लागले. आणि मग दुष्काळाचीं वर्षें आलीं.

तुळजापूर तालुक्यांतील गंधोरा गांवच्या श्रीमती गोदावरी डांगे यांचें चरित्र या साऱ्या वाटचालीचा आरसा म्हणावयास हरकत नाहीं. कोंवळ्या वयांत विवाह, ऐन तारुण्यांत अपघातानें आलेलें वैधव्य, पदरीं लहान मुलें, अशी त्यांची सुरुवात. घराबाहेर पाऊल टाकण्याचें धैर्य त्यांना गांवच्या बायकांच्या बैठकींत मिळालें. आणि आज त्याच बाई गांवोगांव हिंडून इतर स्त्रियांना शेतीचा व संघटनेचा धडा देतात. परदेशांतील परिषदांतूनहि त्यांनीं आपल्या भागाचें गाऱ्हाणें व आपला उपाय मांडला आहे. याच जिल्ह्यांतील हिंगळजवाडीच्या श्रीमती कमल कुंभार यांनीं कोंबड्या व शेळ्या पाळण्याच्या धंद्यांतून स्वतःला सांवरून इतर स्त्रियांना त्या वाटेला लाविलें. ८ मार्च २०२२ रोजीं राष्ट्रपतिभवनांत त्यांचा 'नारीशक्ति' पुरस्कारानें गौरव झाला. संस्थेला २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. श्रीमती गोपालन २०२२ सालीं निवर्तल्या. त्यांनीं लाविलेलें रोप मात्र आपल्या मुळांवर उभें आहे.

एका एकरांत काय होतें

आतां त्या एका एकराकडे वळूं. घरच्या जमिनींतून अर्धा किंवा एक एकर तुकडा स्त्री आपल्या विचारानें करावयास मागते. बाकीच्या जमिनींत पुरुषांनीं सोयाबीन घ्यावें कीं ऊंस, याविषयीं ती वाद घालीत नाहीं. यांतच तिचें व्यवहारचातुर्य आहे. एका हंगामाची परीक्षा घ्या, एवढेंच तिचें म्हणणें असतें.

त्या तुकड्यांत ती एकच पीक घेत नाहीं. पावसाळ्याच्या तोंडाशीं मूग, उडीद, तूर. मधल्या ओळींतून भेंडी, गवार, वांगीं, मिरची. बांधावर शेवगा व वेलाला दोडका. भोंवतीं झेंडू, कारण फुलांकडे कीड वळते आणि पीक बचावतें. दिवाळीच्या आगेंमागें जोंधळा, हरभरा, करडई, जवस. यांतील मर्म काळाच्या वांटणींत आहे. मेथी महिन्याभरांत काढावयास येते, मूग दोन-सव्वादोन महिन्यांत, जोंधळा चार महिन्यांत, आणि तूर पांच-सहा महिन्यांत. पाऊस एखाद्या वेळीं हुकला तर एक पीक जातें, सारीं जात नाहींत. घरांत दर आठवड्याला कांहींतरी येत राहतें. उरलेली भाजी बाजाराच्या दिवशीं विकली कीं मीठमिरचीचा व मुलांच्या वह्यांचा खर्च निघतो. द्विदल पिकांच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र जमिनींत आणतात. तुरीचीं मुळें खोल जाऊन खालची ओल घेतात. जोंधळ्याचा कडबा जनावरांना होतो. एकाचें उणें दुसरें भरून काढतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांना ही व्यवस्था समजावून सांगावयास नको.

खत व औषध यांसाठीं ती दुकानाकडे धांवत नाहीं. शेण, गोमूत्र, गूळ, हरभऱ्याच्या डाळीचें पीठ आणि बांधावरची मूठभर माती पाण्यांत कांहीं दिवस कुजवून 'जीवामृत' होतें. कडुलिंब, करंज, निर्गुडी, रुई, सीताफळ, एरंड अशा दहा झाडांच्या पाल्यांतून 'दशपर्णी' अर्क निघतो. हें सर्व आपल्या आज्यांना कांहीं अंशीं ठाऊक होतेंच. आतां तें मोजमापानें व बैठकींत शिकविलें जातें.

बियाण्याची कथा

पेरावयास बीं हवें, आणि येथेंच जीवसृष्टीच्या वैविध्याचा प्रश्न येतो. संकरित बियाणें दरवर्षीं विकत घ्यावें लागतें. देशी वाणाचें बीं आपल्याच कणसांतून निवडून ठेवतां येतें. चांगलें कणीस कोणतें, दाणा किती वाळवावा, मडक्यांत राख व कडुलिंबाचा पाला किती घालावा, हें ज्ञान मराठवाड्यांत बायकांच्या हातांत होतें. घरांतलें बळद आणि अंगणांतलें पेंव बुजलें, तसें हें ज्ञानहि विस्मृतींत जाऊं लागलें. एक वाण नाहींसा झाला म्हणजे कमी पाण्यांत तग धरण्याचा, अमुक किडीला न बधण्याचा, शेंकडों वर्षांत कमावलेला एक गुण जगांतून गेला. तो कोणत्याहि कारखान्यांत पुनः घडवितां येत नाहीं.

या बाबतींत धाराशिवच्या स्त्रिया एकाकी नाहींत. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत कोंभाळणें येथें श्रीमती राहीबाई पोपेरे यांनीं देशी वाणांची बीजपेढी उभारली. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईंना २०२० सालीं 'पद्मश्री' जाहीर झाली. नळदुर्ग-उमरगा यांवरून जाणारा सोलापूर-हैदराबाद रस्ता पुढें जहीराबादेस जातो. तेथें 'डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी'च्या दलित स्त्रियांनीं भरडधान्यांचीं बीजें कित्येक वर्षें जपलीं, आणि त्या संस्थेलाहि २०१९ सालीं 'इक्वेटर' पुरस्कार लाभला. धान्याची जी गोष्ट तीच जनावरांची. 'उस्मानाबादी' म्हणून देशभर प्रसिद्ध असलेली काळी शेळी याच मातींतली. ती कोरड्या माळावर पोट भरते, बहुधा जुळीं देते आणि अडीनडीला विकतांहि येते. गरिबाची ही चालती-बोलती ठेव सांभाळतात त्याहि बहुतेक घरच्या बायकाच.

सातबारा कोणाचा?

इतकें वाचून कोणास वाटेल कीं प्रश्न सुटला. तो सुटलेला नाहीं. मागून घेतलेला एकर मागून घेतलेलाच असतो. दोन वर्षें शेणखत घालून ज्या तुकड्याची माती तिनें सुधारली, तोच तुकडा तिसऱ्या वर्षीं उंसाखालीं घेतला तर तिला दाद मागावयास आधार कोणता? पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई हीं सारीं सातबाऱ्यावरील नांवाला मिळतात. नवऱ्यानें कर्जापायीं जीव दिला तर ओझें तिच्यावर येतें. जमीन नांवावर होण्यासाठीं मात्र तिला चावडीचे उंबरठे झिजवावे लागतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें सबंध देशांतील वहितीदारांत स्त्रियांचें प्रमाण शेंकडा सुमारें १४ च होतें.

धर्मशास्त्राचा ज्यांना परिचय आहे त्यांना येथें एक गोष्ट स्मरेल. याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळीं कल्याण नगरींत होऊन गेला. तें कल्याण म्हणजे आजचें बसवकल्याण. उमरग्याच्या पूर्वेस, सरहद्दीच्या पलीकडे, अगदीं जवळ. स्त्रीधनाचा अर्थ सांगतांना या पंडितानें, वारसा, खरेदी व वांटणी यांनीं स्त्रीच्या हातीं आलेली संपत्तीहि स्त्रीधनच होय, असें व्यापक मत दिलें. त्याच टीकेवर उभ्या असलेल्या एकत्र कुटुंबपद्धतींत जन्मतः हक्क मात्र पुरुषांचाच राहिला, आणि स्त्रीधनाचा तो उदार अर्थहि पुढें इंग्रजी न्यायालयांनीं आकुंचित केला. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमानें स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण सत्ता मान्य झाली. १९९४ सालीं महाराष्ट्रानें व २००५ सालीं सबंध देशानें मुलीस वडिलार्जित मिळकतींत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनीं 'लक्ष्मीमुक्ति'ची चळवळ करून, नवऱ्यांनीं आपखुशीनें कांहीं जमीन बायकोच्या नांवें करून द्यावी, असा आग्रह धरला. आणि १९९१ च्या शेगांव मेळाव्यांत 'सीताशेती'ची कल्पना मांडली. बाईनें आपल्या तुकड्यांत निसर्गाला धरून शेती करावी, हा तिचा आशय. म्हणजे वाट दाखविणारे झाले, कायदेहि झाले. चालावयाचें तेवढें राहिलें.

आक्षेप घेणारे म्हणतात कीं, या योजनेनें बाईचें कामच वाढलें. या म्हणण्यांत तथ्य आहे. घर, मुलें, गुरें, दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी आणि वर हा एकर, एवढें ओझें एकटीनें उचलावें अशी अपेक्षा करणें योग्य नव्हे. पाणी भरण्याचें व चुलीचें काम घरांतील इतरांनीं वांटून घेतलें तरच त्या एकराला अर्थ आहे. दुसरा आक्षेप असा कीं, असे हजार एकर झाले तरी उंसानें उपसलेलें भूजल परत येणार नाहीं. हेंहि खरें. कोणतें पीक किती घ्यावें व पाणी कोणास किती द्यावें, याचा निर्णय राज्यकर्त्यांनींच करावयाचा आहे, आणि लहानशा प्रयोगाचे पुरस्कार-समारंभ करून त्यांना तो टाळतां येणार नाहीं. परंतु या आक्षेपांनीं प्रयोगाची योग्यता कमी होत नाहीं. त्याच्या पुढची पायरी कोणती तें कळतें.

आपल्याकडे काय लागू?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा शेतीशीं आतां प्रत्यक्ष संबंध उरलेला नाहीं. तरीहि कित्येक घरांची गांवीं थोडी तरी जमीन आहे. तिचा उतारा एकदां काढून पहावा. त्यावर काका-पुतण्यांचीं, भावाभावांचीं नांवें असतील. लेकीसुनांचीं आहेत काय? बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतांना साडीचोळीनें ज्यांची बोळवण केली, त्यांना कायद्यानें काय दिलें होतें, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलांदेखत मोकळेपणानें बोलावें. ग्रामीण स्त्रीच्या धैर्याची वाहवा करणें सोपें आहे. आपल्या घरच्या कागदावर तिच्या नांवाची ओळ घालणें हीच खरी कसोटी.

दुसरी गोष्ट ताटाची. भाकरी आठवड्यांतून चार दिवस ताटांत आली, जवसाची व कारळ्याची चटणी पुनः वाढली जाऊं लागली, तर जोंधळा पिकविणाऱ्या हातांना गिऱ्हाईक मिळेल. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळलें. वर्ष सरलें तरी भूक सरलेली नाहीं. शहरांतील घरांनीं एकत्र येऊन एखाद्या गांवच्या बचतगटाकडून वर्षाचें धान्य व डाळी आगाऊ ठरवून घेतल्या, तर तो उपकार नव्हे, रोखठोक व्यवहारच होईल. आणि त्या बायकांनाहि व्यवहारच हवा आहे.

या स्त्रिया दया मागत नाहींत. आपण ज्या जमिनींत राबतों तिच्यांत काय रुजावें हें सांगण्याचा अधिकार त्या मागतात. आज तो त्यांना एका एकरापुरता आणि घरच्यांच्या मर्जीनें मिळाला आहे. तो मर्जीवर न राहतां हक्कानें मिळावा, एवढें आपल्या पिढीनें केलें तरी पुढील दुष्काळाला तोंड देणारीं घरें आजच्याहून बळकट असतील.